आज काय आहे?

गेल्या नोव्हेंबरात, फराळाचे डबे तळाला गेल्यावर, माझ्या आग्रहावरून आपल्यातली सात कुटुंबे आमच्या वस्तीतल्या एका छोट्या बिस्ट्रोत जेवायला गेली. लहानमोठी मिळून चोवीस माणसे. हा बिस्ट्रो सेंद्रिय माल वापरणारा, आणि तोही शक्यतो आसपासच्या शेतांतला. सप्टेंबरात मी आणि माझी पत्नी तिथे दोघेच गेलो होतो. भोपळ्याचे सूप आणि जांभळ्या प्लमचा केक खाऊन तृप्त झालो होतो, आणि त्या तृप्तीच्या भरात मी सर्वांना ‘चला’ म्हणून बसलो.

त्या रात्री तीन कुटुंबे खूष होऊन घरी गेली, दोन काही बोलली नाहीत आणि उरलेली दोन अजूनही माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात. तेव्हापासून मंडळात ‘तुमचा तो बिस्ट्रो’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. त्यातला ‘तुमचा’ मला बोचतो. तक्रारी थोडक्यात अशा: पहिले ताट यायला पन्नास मिनिटे लागली. श्निट्सेल साडेआठालाच संपले. मुलांना तळलेले बटाटे मिळाले नाहीत. भात तर कार्डावरच नव्हता. माणशी अडतीस युरो झाले. आणि सर्वांत वाईट म्हणजे आमच्या सोलापूरकर स्नेह्यांच्या मातोश्री, वय वर्षे शहात्तर, जन्मात मांसाला हात न लावलेल्या, त्यांच्यासमोर मसुराची आमटी म्हणून जे वाडगे आले त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे निघाले. आजी काही बोलल्या नाहीत. वाडगे बाजूला सारून त्यांनी पावाचे दोन तुकडे आणि थोडी कोशिंबीर खाल्ली. त्यांच्या मुलाचा चेहरा मात्र मी अजून विसरलेलो नाही.

आमंत्रण माझे असल्याने खुलासा करणे माझ्याकडे आले. पण नुसती क्षमा मागून माझ्यातल्या इंजिनिअरचे समाधान होईना. एकच स्वयंपाकघर, तीच माणसे. सप्टेंबरात अमृत आणि नोव्हेंबरात हा गोंधळ, हे कसे? वस्तीतल्या जर्मन शेजाऱ्यांना विचारले, तर तिथेही दोन तट. एक निवृत्त शिक्षक दर गुरुवारी तिथेच जेवतात. त्यांच्या समोरच्या घरातल्या बाई म्हणतात, पुन्हा पाऊल टाकणार नाही. शेवटी डिसेंबरातल्या एका दुपारी, बिस्ट्रो बंद असताना, मी मालकीणबाईंना जाऊन भेटलो. त्यांनी कॉफी दिली, शीतघर दाखवले, खरेदीची वही उघडून समोर ठेवली. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराच भाग त्या वहीने शिकवला.

आधी शब्द नीट पाहू. जर्मनीत ‘बिओ’ हा शब्द वाटेल त्याला वाटेल तिथे चिकटवता येत नाही. सेंद्रिय शेतीची परंपरा इथे जुनी: १९२४ साली रुडॉल्फ श्टाइनर यांनी तेव्हाच्या जर्मनीतल्या, आजच्या पोलंडमधल्या, कोबेरविट्स या गावी शेतीवर व्याख्याने दिली. त्यातून निघालेल्या शेतीपद्धतीचे ‘डेमेटर’ हे चिन्ह १९२८ पासूनचे. पुढे १९७१ मध्ये बिओलांड आणि १९८२ मध्ये नाटुरलांड या शेतकऱ्यांच्या संघटना झाल्या. ‘बिओ’ कशाला म्हणायचे याचा युरोपीय कायदा १९९१ मध्ये आला. त्याची सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नोव्हेंबर २००० मध्ये जर्मनीत जन्मलेल्या गाईत वेड्या गाईचा रोग प्रथम सापडला, देश हादरला, आणि पुढच्याच वर्षी रेनाटे क्युनास्ट या मंत्री असताना ते षट्कोनी सरकारी बिओ-चिन्ह निघाले, जे आपण सर्वजण दुधाच्या खोक्यावर पाहतो. पानाच्या आकाराचे युरोपीय चिन्ह २०१० चे. हे सर्व दुकानातल्या मालाचे झाले. उपाहारगृहांसाठी वेगळा जर्मन नियम ऑक्टोबर २०२३ पासून आहे. एकूण खरेदीच्या किमतीत बिओ मालाचा वाटा २० ते ४९ टक्के असेल तर कांस्य, ५० ते ८९ असेल तर रौप्य आणि ९० च्या वर असेल तर सुवर्ण. तपासणीला बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येते आणि वह्या तपासते. आमच्या बिस्ट्रोच्या काचेवर रौप्य आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, वाटा मोजतात तो पैशांत, ताटांत नव्हे. दूध, अंडी, बटाटे आणि कॉफी एवढे बिओ घेतले तरी एखादा कांस्यापर्यंत आरामात पोचतो. दुसरी जास्त महत्त्वाची: हे चिन्ह माल कसा पिकवला हे सांगते, तो रुचकर आहे की नाही याविषयी चकार शब्द काढत नाही. रासायनिक नत्रखत नाही, कृत्रिम कीटकनाशके नाहीत, जनावराला बाहेर फिरायला जागा आहे, एवढीच हमी. बाकी सारे स्वयंपाक्याच्या हातात. आपल्यातले बरेच जण बिओ म्हणजे ‘अधिक चविष्ट’ असे धरून चालतात आणि मग दुप्पट पैसे देऊन दुप्पट रागावतात.

‘स्थानिक’ या शब्दाची तर आणखी मजा. त्याला कायद्याने ठरवलेले अंतरच नाही. दुकानातल्या मालावर २०१४ पासून एक निळी चौकट दिसते, तिच्यात माल कुठल्या प्रदेशातला हे छापतात. पण ती ऐच्छिक आहे, आणि प्रदेश केवढा धरायचा हे छापणारा ठरवतो. आमच्या मालकीणबाईंनी आपल्यापुरती साठ किलोमीटरांची मर्यादा आखून घेतली आहे. आम्ही राहतो न्यूर्नबेर्ग, फ्युर्त आणि एर्लांगेन या तीन गावांच्या त्रिकोणाजवळ. त्या त्रिकोणाच्या पोटात भाज्यांचा एक जुना पट्टा आहे, त्याचे नावच क्नोब्लाउख्सलांड, म्हणजे लसणाचा मुलूख. (या मुलखात बसून आमच्यातल्या एका वहिनींना पर्समधून लसणाची चटणी काढावी लागली, हा त्या रात्रीचा एकमेव विनोद.) पश्चिमेला आइशग्रुंडमध्ये कार्प माशांची तळी, उत्तरेला बांबेर्गचा शिंगासारखा वाकडा, बोटाएवढा जुना बटाटा, पूर्वेला चेरीच्या बागा. साठ किलोमीटरांत एवढे मिळते म्हटल्यावर आणखी काय हवे, असे वाटेल.

पण गणित करून पाहा. कागदावर एक वर्तुळ काढा: आसपास पिकणारे सर्व. दुसरे काढा: बिओ असलेले सर्व. जर्मनीत २०२३ साली सेंद्रिय शेतीखालची जमीन एकूण शेतजमिनीच्या सुमारे ११ टक्के होती, आणि लसणाच्या मुलखातलेही बहुतेक शेतकरी रूढ पद्धतीनेच पिकवतात. तेव्हा दोन वर्तुळांचा सामाईक भाग आधीच लहान. आता तिसरे वर्तुळ: या आठवड्यात तयार असलेले. आणि चौथे: गिऱ्हाइकाला परवडेल असे. सप्टेंबरात या चारांच्या छेदात भोपळा, टोमॅटो, मका, अळंबी, सफरचंद, प्लम, नवे बटाटे असे सारे मावते. फेब्रुवारीत तिथे उरते कोबी, गाजर, बीट, सेलरीचा कंद, पार्स्निप, लीक आणि बटाटा. एप्रिलच्या सुरुवातीला तर साठवणीतलेही संपत आलेले आणि नवे अजून उगवायचे. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो हे माझे भाग्य, आणि त्या एका संध्याकाळवरून बाराही महिन्यांचा अंदाज बांधला ही माझी चूक. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मी प्रबंधाच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

या हिशेबात भाताला जागाच नाही, कारण साठ किलोमीटरांत भात पिकत नाही. त्या जागी त्या डिंकेल देतात, म्हणजे गव्हाचा जुना भाऊ. बायकामुलांचा विरस झाला तो इथेच. तळलेल्या बटाट्यांचेही असेच. बाजारात तयार मिळणारे काप एकाच जाडीचे, एकाच साखरेचे, वर्षभर एकाच रंगाचे तळले जातात. शेतातून पोत्याने आलेल्या बटाट्याची जात दर महिन्याला बदलते, साठवणीत त्यातली साखर वाढते, आणि तळला की तो काळा पडतो. म्हणून त्या हिवाळ्यात तळतच नाहीत.

आता जो मुद्दा मला वहीतून उमगला तो सांगतो. शेतीत चढउतार असतोच; रासायनिक खते आणि औषधे बंद केली की तो वाढतो. बिओ गव्हाचे हेक्टरी उत्पन्न इथल्या रूढ शेतीच्या जवळपास निम्मे येते. बटाट्यावर करपा पडला की रूढ शेतकरी फवारतो. सेंद्रिय शेतकऱ्याजवळ फार तर थोडे तांबे असते, आणि डेमेटरवाल्यांना बटाट्यावर तेही चालत नाही. ओला उन्हाळा आला की पोती निम्मी भरतात. हा चढउतार कुणीतरी सोसावाच लागतो. साध्या हॉटेलात तो घाऊक बाजार सोसतो: फ्रांकेनमध्ये बटाटा कमी पडला तर ईजिप्तचा येतो, टोमॅटो स्पेनचा येतो, आणि गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत काही पोचत नाही. कार्ड छापील असते, तेच ते पदार्थ वर्षानुवर्षे. आमच्या मालकीणबाईंनी तो घाऊक बाजार मध्ये ठेवलेलाच नाही. मग शेतातला चढउतार थेट टेबलावर उतरतो आणि गिऱ्हाइकाला सोसावा लागतो. ज्याला ते आवडते तो गुरुवारी पुन्हा येतो. ज्याला आवडत नाही तो पुन्हा पाऊल टाकत नाही. शिक्षक आणि समोरच्या बाई दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत असतात.

त्या बाईंची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांना फेब्रुवारीत सतरा युरोंना श्टेकर्‍युबे मिळाला. हा नवलकोल-सलगमाच्या कुळातला पिवळट, जाड सालीचा कंद. १९१६ साली ओल्या हंगामाने आणि करप्याने बटाटा बुडाला, युद्धामुळे समुद्र बंद, आणि त्या हिवाळ्यात सारा जर्मनी या कंदावर जगला. कंदाचे सूप, कंदाचा पाव, कंदाचा मुरंबासुद्धा. तो हिवाळा इथे त्या कंदाच्याच नावाने ओळखला जातो. बाईंच्या आजीने तो काढलेला. “आजीने जे नाइलाजाने खाल्ले ते मी सतरा युरो देऊन खाऊ?” असे त्यांनी मला विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीला कोणी आज पंचतारांकित ताटात ठेवले, तर आमच्या गावचे म्हातारे याहून वेगळे काय बोलतील?

मांसाचा हिशेब निराळा. शेतकऱ्याकडून थेट घ्यायचे म्हणजे डुक्कर अख्खे घ्यावे लागते. एका डुकरात मऊ फिले दोनच, अर्ध्या अर्ध्या किलोचे. श्निट्सेलजोगे मांसही मर्यादितच. बाकी खांदा, नळ्या, पोट, डोके. घाऊक बाजारातून हवे तेवढे श्निट्सेल मागवता येते, कारण त्या डुकरांचे उरलेले भाग दुसरीकडे कुठेतरी सॉसेज होत असतात. इथे ते सगळे त्याच स्वयंपाकघरात संपवायचे असते. म्हणून साडेआठाला श्निट्सेल संपले आणि नळीचा रस्सा उरला होता. याचे जर्मनीतले नामांकित उदाहरण म्युन्शेनजवळच्या ग्लोन गावचे. कार्ल लुडविग श्वाइसफुर्ट यांनी हेर्टा ही घराण्याची अवाढव्य मांस-कंपनी १९८४ मध्ये नेस्लेला विकली आणि १९८६ मध्ये तिथे हेर्मान्सडोर्फर लांडवेर्कश्टेटन ही संस्था काढली. गोठा, खाटीकखाना, बेकरी, दारूची भट्टी, दुकान आणि खानपानगृह एकाच आवारात. एका ठिकाणचे उरलेले दुसऱ्या ठिकाणी खपते. पण तेवढे आवार असले तरच. आमच्या बिस्ट्रोजवळ आहे ते एक शीतघर आणि लोणच्यांची फळी.

कोंबडी मागणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की रूढ फार्मवरची कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापतात, बिओ कोंबडीला त्याच्या दुपटीइतके वय होऊ द्यावे लागते. दुप्पट दाणा, दुप्पट जागा. किंमत कुठून येते ते कळले.

ताटाच्या किमतीचा मोघम हिशेब मालकीणबाईंनी एका कागदावर करून दाखवला. उपाहारगृहाच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च ताटाच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसावा असा संकेत आहे. बिओ स्थानिक माल तिथे बसत नाही. भाज्या मातीसकट येतात. साध्या हॉटेलात सोललेले बटाटे पिशवीबंद येतात, इथे हेल्पर तीन तास सोलत बसतो. किमान वेतन २०१५ साली ताशी साडेआठ युरो होते, जानेवारी २०२६ पासून ते १३.९० आहे. (ते असायलाच हवे, यावर आमच्यात वाद नाही.) जेवणावरचा कर करोनाच्या काळात, २०२० मध्ये, १९ चा ७ टक्के झाला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १९, आणि जानेवारी २०२६ पासून पुन्हा ७. पेयांवर मात्र १९ च. तरीही पेयांवरच धंदा तगतो. आपण चोवीस जणांनी मिळून किती वाइन आणि किती बिअर घेतली ते तुम्हांला माहीत आहे. “तुमच्या लोकांनी नळाचे पाणी मागितले,” त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नव्हे, नोंद म्हणून.

पन्नास मिनिटांचे मात्र शेतीशी काही नाते नाही. ते रांगेचे गणित आहे, आणि ते माझ्या धंद्यातले आहे. स्वयंपाकघर निम्म्या क्षमतेने चालत असताना एका ताटाला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागतो. भार नव्वद टक्क्यांवर गेला की दहापट. सर्व्हरचेही हेच होते, फरक एवढाच की सर्व्हरला कोणी हात वर करून बोलावत नाही. तीस खुर्च्या, एक स्वयंपाकी, एक हेल्पर, आणि आपण चोवीस जण पावणेआठ ते सव्वाआठ या अर्ध्या तासात आपल्या सवयीप्रमाणे आलो. त्यात नऊला चूल बंद. हे मला आधी कळायला हवे होते. त्या रात्रीच्या दिरंगाईतला निम्मा दोष मी माझ्या पदरी घेतो.

उरले ते मसूर. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण दुखले तिथेच.

मसूर जर्मनीत पूर्वी सर्रास पिकत, विशेषतः श्वेबिशे आल्बच्या खडकाळ डोंगराळ जमिनीत. आयात मसूर स्वस्त झाल्यावर, १९५०-६० च्या सुमारास, हे पीक इथून जवळजवळ नाहीसे झाले. लाउटराख या गावच्या वोल्डेमार मामेल नावाच्या सेंद्रिय शेतकऱ्याने १९८५ च्या सुमारास ते पुन्हा पेरायला घेतले. जुने स्थानिक वाण हवे होते, ते कुठेच मिळेना. २००६ मध्ये ते सापडले सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बीजसंग्रहात. मूठभर दाण्यांपासून वर्षानुवर्षे बी वाढवत नेले आणि आज आल्बवरचे शेतकरी संघटित होऊन तो मसूर विकतात. वेल लवचीक, जमिनीवर लोळतो, म्हणून आधाराला ओट किंवा जव सोबत पेरावा लागतो. दोन्ही एकत्र कापून मग चाळण्यांनी दाणा वेगळा करायचा. कापणीच्या वेळी पाऊस आला की सारे हातचे जाते. किलोला दहा युरोंच्या आसपास पडणारा हा मसूर आपल्या इंडियन शॉपमधल्या डाळीशी तुलनाच करू देत नाही. आणि गंमत पाहा, आल्ब आमच्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर. साठच्या मर्यादेचे काय झाले, असे मी विचारले. मालकीणबाई हसल्या. म्हणाल्या, मसुरासाठी मी नियम मोडते, नाहीतर शाकाहाऱ्यांना काय देऊ?

असा मसूर, आणि शाकाहाऱ्यांसाठी आणलेला, त्यातच डुकराची चरबी कशी गेली? तर जर्मन घरांत मसुराच्या सूपमध्ये चरबीचे तुकडे आणि चमचाभर व्हिनेगर घालायची जुनी रीत. त्या दिवशी मूळ पातेले बिनचरबीचेच होते, ते संपले. घाईत स्वयंपाक्याने दुसरे चढवले, आणि त्यात हात सवयीने गेला. वाढणाऱ्या मुलीला कोणी सांगितले नाही. कार्डावर बारीक आकडे आणि अक्षरे होती; डिसेंबर २०१४ पासून युरोपात ॲलर्जी आणणाऱ्या चौदा गोष्टी कळवणे सक्तीचे आहे. सेलरी, मोहरी, तीळ, सारे त्यात आहे. डुकराचे मांस त्यात नाही, कारण ती ॲलर्जी नव्हे. आपल्याला हवी असलेली माहिती त्या चौदांत बसत नाही; ती तोंडाने विचारावी लागते आणि समोरच्याने खरी सांगावी लागते. आपण विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. शेत, हंगाम, करपा यांच्या नावावर ही चूक खपवता येणार नाही, आणि मालकीणबाईंनीही खपवली नाही. त्यांनी आजींसाठी चिठ्ठी लिहून दिली. मी ती मराठीत वाचून दाखवली. आता तिथे शाकाहारी पातेल्याला हिरवी दोरी बांधतात. मी जानेवारीत जाऊन पाहून आलो.

चिठ्ठीबरोबर त्यांनी ग्र्यूनकेर्नचे एक पाकीटही दिले होते. त्या रात्री याचेच शाकाहारी सूप होते, पण आपल्या टेबलापर्यंत पोचण्याआधी संपले. ग्र्यूनकेर्न म्हणजे डिंकेलचे कोवळे दाणे. ईशान्य बाडेनच्या बाउलांड भागात पूर्वी पावसाने पीक हातचे जाईल या भीतीने शेतकरी ते अर्धकच्चे कापत आणि भट्टीवर, बीचच्या लाकडाच्या धुरात, वाळवत. पुढे तीच चव लोकांना आवडली. आजींनी पाकीट उघडून दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले आणि मुलाला हाक मारली. “अरे, हा तर हुरडा!” त्यांचा हुरडा ज्वारीचा, पौषातला, शेतात गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळलेला. हा गव्हाच्या कुळातला आणि भट्टीतला. पण धुराचा वास तोच. त्यांनी त्याची कांदा घालून उसळ केली, आणि माझ्याशी हवामानावर बोलणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांनी मला फोन करून जेवायला बोलावले. दोन कुटुंबांपैकी एक परत मिळाले, असे मी धरतो.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी घेवड्याला बहर आला की पंधरा दिवस घेवडाच. पुण्यात शिकताना ज्या खानावळीत जेवलो तिथे कार्ड नव्हतेच, दारातून आत शिरताना “आज काय आहे?” असे विचारायचे आणि जे असेल ते जेवायचे. आवडले नाही तर एक पोळी कमी. बिस्ट्रोचे मूळ तेच आहे. फक्त खानावळीला खानावळीचे दर होते, आणि इथे श्निट्सेलच्या हॉटेलचे दर लावून खानावळीची अट घातलेली आहे. घासाघीस होते ती इथे. मला स्वतःला दर महाग वाटतात. महिन्यातून एकदाच परवडते, आणि हे मी मालकीणबाईंना सांगितले.

त्यांनीही मला एक सांगितले. जागेचा करार सप्टेंबरात संपतो. तोवर हिशेब जुळला नाही तर काचेवरचे रौप्य काढून घाऊक बाजाराचा ट्रक सुरू करायचा, की कुलूप लावायचे, असे दोनच मार्ग त्यांना दिसतात. पहिला मार्ग घेतला तर बहुधा आपल्यातले जास्त लोक तिथे जातील. तळलेले बटाटे मिळतील, वेळेवर मिळतील.

ज्यांना पुन्हा जायचे असेल त्यांच्यासाठी. कार्प मासा इथे ज्या महिन्यांच्या नावात र आहे त्याच महिन्यांत खातात, सप्टेंबर ते एप्रिल. आणि नवल म्हणजे हा नियम मराठी नावांनाही लागू पडतो, मे, जून, जुलै, ऑगस्ट यांत र नाही. अर्धा उभा चिरलेला, तळलेला येतो, काटे पुष्कळ, पण आमच्यातल्या मालवणकरांनी त्या रात्री दोन संपवले आणि तेच सर्वांत खूष होते. एप्रिलच्या मध्यापासून पांढरे श्पार्गेल सुरू होते आणि २४ जूनला, योहानिसच्या दिवशी, कापणी थांबते, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी मुळात बळ साठवता येते. आपल्याकडे चातुर्मासात कांदा बंद होणार म्हणून कांदेनवमीला भजी, थालीपिठे, झुणका करून कांद्याची हौस भागवतात. इथले लोक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात श्पार्गेलचे तसेच करतात. जायचे असेल तर दोन दिवस आधी फोन करावा, किती जण शाकाहारी ते सांगावे, सहा-सहाच्या गटांनी अर्ध्या अर्ध्या तासाने जावे, आणि पहिला गट साडेसहाला. लसणाची चटणी न्यायला हरकत नाही, मालकीणबाईंनी चव घेऊन कृती मागितली आहे.

१३ जूनच्या शनिवारी मी बारा खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. सहा भरल्या आहेत. आजी मार्चमध्ये सोलापूरला परतल्या, त्यामुळे त्यांची जागा रिकामी आहे. त्यांचे चिरंजीव येणार आहेत, पण मसूर असला तर पातेले आधी स्वतः पाहणार, असे त्यांनी बजावले आहे.